पोटातल्या बाळाचा फोटो

शेजारच्या काकूंच्या शोकेसमध्ये एक तपकिरी टेडी आहे. त्याचा पंजा दाबला की आतून घोडा दौडत जावा तसा आवाज येतो. दहा-पंधरा सेकंद येतो आणि थांबतो. ते त्यांच्या नातीचे ठोके आहेत, ती जन्माला यायच्या तीन महिने आधीचे. न्यू जर्सीतल्या एका स्टुडिओत सुनेच्या पोटावर प्रोब ठेवून ते रेकॉर्ड केले, बटणाएवढ्या यंत्रात भरले आणि टेडीच्या पोटात शिवून दिले. काकूंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या घाबरल्याच. "एवढ्या जोरात? बरी आहे ना गं ती?" पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० पडतात, असं सुनेनं फोनवर सांगितलं तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. नात आता चार वर्षांची आहे. काकू अजूनही अधूनमधून पंजा दाबतात.

गेल्या महिन्यात माझ्या भाचीचा एडिसनहून फोन आला. तिथल्या मराठी मैत्रिणींनी तिचं डोहाळजेवण केलं, आणि ओटीत नारळासोबत एक पाकीट घातलं. आत तसल्याच एका स्टुडिओचं व्हाउचर होतं. तिला सत्ताविसावा आठवडा चालू आहे. "मावशी, डॉक्टर म्हणतात गरज नाही. मैत्रिणी म्हणतात जाच. तू सांग, जाऊ का नको?" वाचून सांगते म्हटलं, आणि वाचत गेले. तिला जे सांगितलं ते इथे जरा विस्तारानं लिहिते आहे, कारण हा प्रश्न आता तिच्या एकटीचा राहिलेला नाही. आपल्या किती घरांत एक तरी मुलगी किंवा सून परदेशात बाळंत होते आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात हे स्टुडिओ बाजारपेठेत असतात. आत मऊ कोच, मंद दिवे आणि भिंतीवर मोठा टीव्ही. घरच्यांनी सगळ्यांनी बसून बघायचं. पंधरा मिनिटांचं किंवा अर्ध्या तासाचं पॅकेज असतं. त्यात चेहऱ्याचे थ्रीडी फोटो, हलत्या चित्रांची क्लिप, आणि हवा असेल तर ठोक्यांचा टेडी. रिपोर्ट नसतो. बाळाचं वजन किती, पाणी पुरेसं आहे का, वार कुठे आहे, हे तपासणं हे त्यांचं कामच नव्हे. यंत्र मात्र हॉस्पिटलातलंच. यंत्र उपचाराचं आणि काम हौसेचं, सगळा वाद इथून निघतो.

हौस हा शब्द मी कमीपणा आणायला वापरलेला नाही. डोहाळजेवण म्हणजे तरी दुसरं काय असतं? हिरवी साडी, फुलांची वाडी, पानात जे आवडेल ते, आणि झाकलेल्या दोन वाट्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पोटात कोण आहे हे जाणून घ्यायची ओढ सोनोग्राफीच्या कितीतरी आधीची आहे. आणि जिचं आधीचं मूल पोटातच गेलं आहे, तिच्यासाठी 'अजून आहे, हलतंय' हे डोळ्यांनी बघणं ही हौस राहत नाही, ती गरज होते. स्टुडिओत जाणाऱ्या बाईला उथळ म्हणणारे लेख मी या दिवसांत बरेच वाचले. ते मला पटले नाहीत.

पण डॉक्टर मंडळी इतकी सावध का, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. सोनोग्राफी आली ती कारखान्यातून. ग्लासगोजवळच्या रेनफ्रू गावात बॅबकॉक अँड विल्कॉक्स ही बॉयलर बनवणारी कंपनी होती. धातूला आतून चीर गेली आहे का, हे तिथले लोक ध्वनिलहरी सोडून तपासत. स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड १९५५ च्या जुलैत शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीच्या डिकीत भरून तिथे घेऊन गेले. पाण्यानं भरलेली गाठ आणि घट्ट गाठ यांचा प्रतिध्वनी वेगळा येतो, हे त्यांना दिसलं. पुढे जॉन मॅकव्हिकर आणि टॉम ब्राउन या इंजिनिअरला घेऊन त्यांनी ७ जून १९५८ च्या 'लॅन्सेट'मध्ये निबंध छापला. पोटातल्या बाळाचं चित्र ध्वनीनं काढता येतं, हे तिथून जगाला कळलं.

तोवर बाळ बघायचं तर एक्स-रे काढत. ऑक्सफर्डच्या ॲलिस स्टुअर्ट यांनी १९५६ मध्ये दाखवून दिलं की, गरोदरपणात ज्यांच्या पोटाचा एक्स-रे काढला त्या बायकांच्या मुलांमध्ये कॅन्सरचं प्रमाण जास्त आहे. त्यांचं म्हणणं वैद्यकीय जगाच्या गळी उतरायला पुढे कित्येक वर्षं गेली. सोनोग्राफीत एक्स-रेसारखा किरणोत्सर्ग नाही, दोन्हींची तुलना करणं चूक आहे. पण निरुपद्रवी समजून वापरलेल्या एका यंत्रानं हात भाजलेले आहेत, ही आठवण त्या पिढीनं पुढच्या पिढीला दिली आहे.

मग सोनोग्राफीनं बाळाला काही होतं का? भाचीनं सगळ्यात आधी हेच विचारलं. ध्वनिलहरी शरीरात शिरल्या की दोन गोष्टी घडू शकतात. ऊतक थोडं तापतं, आणि जिथे वायूचे बुडबुडे असतील तिथे ते थरथरतात किंवा फुटतात. गर्भातल्या बाळाच्या फुप्फुसात हवा नसते, म्हणून दुसऱ्याची काळजी कमी. काळजी आहे ती उष्णतेची. सोनोग्राफीच्या स्क्रीनवर कोपऱ्यात टीआय (उष्णतेचा) आणि एमआय (बुडबुड्यांचा) असे दोन आकडे सतत दिसत असतात. टीआय १ असेल तर तापमान अंदाजे एका अंशानं वाढू शकतं, असा त्याचा ढोबळ अर्थ. ब्रिटिश मेडिकल अल्ट्रासाऊंड सोसायटीचं वेळापत्रकच आहे. टीआय ०.७ ते १ असेल तर ६० मिनिटांच्या वर जाऊ नये, १ ते १.५ ला ३० मिनिटं, १.५ ते २ ला १५, आणि २.५ ते ३ ला एकच मिनिट. प्रोब हातात धरणाऱ्याला हा आकडा वाचता यायला हवा, आणि वाचायची सवय हवी. स्टुडिओतल्या बाईला ती आहे की नाही, हे कोचावर बसलेल्या आजीला कळायला मार्ग नाही.

अभ्यास काय सांगतात? ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात २,८३४ गरोदर बायकांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. निम्म्या बायकांची अठराव्या आठवड्यात एकच सोनोग्राफी केली, बाकीच्यांची पाच वेळा, रक्तप्रवाह तपासणाऱ्या डॉपलरसकट. पाच वेळावाल्या गटात कमी वजनाची बाळं थोडी जास्त निघाली आणि खळबळ उडाली. तीच मुलं आठ वर्षांची होईपर्यंत बघत राहिल्यावर मात्र दोन्ही गटांत वाढीचा, बोलण्याचा, वागण्याचा फरक दिसला नाही. तो निष्कर्ष २००४ मध्ये छापून आला. जागतिक आरोग्य संघटनेसाठी २००९ मध्ये झालेल्या आढाव्यातही आईला किंवा बाळाला अपाय झाल्याचं आढळलं नाही. मुलग्यांमध्ये डावखुरेपण किंचित जास्त, एवढाच एक धागा सापडला, आणि तोही कच्चा. २००६ मध्ये उंदरांच्या गर्भावर अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ ध्वनिलहरी सोडल्यावर मेंदूतल्या काही पेशी आपल्या जागी नीट पोचल्या नाहीत असं दिसलं. पण उंदराचा एवढासा गर्भ आणि आपलं बाळ यांत फार अंतर आहे.

म्हणजे भीतीचं कारण नाही. पण एक गोष्ट मला अस्वस्थ करते. माणसांवरचे हे मोठे अभ्यास बहुतेक जुन्या यंत्रांवरचे आहेत. अमेरिकेच्या एफडीएनं १९९२ मध्ये गर्भासाठीच्या यंत्रांची ताकदीची मर्यादा चौरस सेंटिमीटरला ९४ मिलिवॅटवरून ७२० वर नेली, जवळजवळ आठपट. चित्र स्वच्छ यावं म्हणून ती नेली, आणि त्याच्याच जोडीला ते टीआय-एमआयचे आकडे स्क्रीनवर आणले. म्हणजे मर्यादा सैल केली आणि राखण करायचं काम यंत्र चालवणाऱ्यावर सोपवलं. शिकलेला सोनोलॉजिस्ट ते करतो. त्याला पंधरा मिनिटांत दहा गोष्टी मोजायच्या असतात, तो एका जागी रेंगाळत नाही. स्टुडिओत सगळा वेळ एकाच जागी जातो, चेहऱ्यावर. थ्रीडी चित्राला साध्या चित्रापेक्षा फार जास्त ऊर्जा लागते असं नाही, हे थ्रीडीला घाबरणाऱ्यांना सांगायला हवं. ठोके ऐकवायला मोठ्या यंत्रावर डॉपलर लावला तर मात्र लागते, आणि लहरी एकाच बिंदूवर धरून ठेवाव्या लागतात. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत ठोके मोजायचे तर डॉक्टर डॉपलर टाळतात, चित्रावरच मोजतात. या सगळ्या पॅकेजमध्ये मला सगळ्यात नको वाटतो तो टेडी.

खरा धोका ध्वनिलहरींत नाही, दिलाशात आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००९ साली एका बाईची हकिकत आली. ३८ आठवडे भरले होते, बाळाची हालचाल मंदावली होती. तिच्याकडे घरी ठोके ऐकायचं छोटं डॉपलर यंत्र होतं. तिनं ते लावलं, ठोका ऐकू आला, आणि ती निश्चिंत झाली. हॉस्पिटलमध्ये गेली तेव्हा बाळ गेलेलं होतं. आईची स्वतःची नाडी किंवा वारेतला रक्तप्रवाह अशा यंत्रावर बाळाच्या ठोक्यासारखा वाटू शकतो. स्टुडिओतही हेच होऊ शकतं. छान फोटो आले, बाळानं जांभई दिली, सगळे रडले, हसले, आणि पुढच्या आठवड्यातली डॉक्टरांची तारीख पुढे ढकलली गेली. याच्या उलट, स्टुडिओतल्या मुलीला काही वेगळं दिसलं तर? ठोकाच दिसला नाही तर? सासू-सासरे कोचावर बसलेले असताना ती काय बोलेल? ते बोलायचं शिक्षण तिला कुणी दिलेलं नसतं.

आता माझ्या मते या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा, आणि सहसा न बोलला जाणारा भाग. स्टुडिओवाले २६ ते ३० आठवड्यांतच का बोलावतात? अठरा ते वीस आठवड्यांच्या ॲनॉमली स्कॅनच्या वेळी बाळाच्या अंगावर चरबी नसते, थ्रीडीत चेहरा हाडकुळा दिसतो, बघून दचकायलाच होतं. २६ नंतर गाल भरतात. बत्तिसाव्या आठवड्यापुढे जागा कमी पडते, तोंडासमोर पाणी राहत नाही. म्हणून तो महिनाभराचा काळ. आणि सगळं सुरळीत असलेल्या बाईला अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये नेमक्या याच काळात डॉक्टर सोनोग्राफी सांगत नाहीत. इंग्लंडच्या एनएचएसमध्ये दोनच स्कॅन ठरलेले. पहिला अकरा ते चौदा आठवड्यांच्या आसपास, दुसरा विसाव्याच्या सुमाराला. पुढचे वीस आठवडे बाळ दिसत नाही. डॉक्टरांचा पडदा बंद होतो तिथे स्टुडिओचा उघडतो.

जर्मनीनं हे वेगळं हाताळलं. तिथे अशा सोनोग्राफीला 'बेबी टीव्ही' म्हणत. किरणोत्सर्ग नसला तरी गर्भावर वैद्यकीय कारणाशिवाय ध्वनिलहरी सोडायच्या नाहीत, असा नियम तिथे २०२१ च्या सुरुवातीपासून लागू आहे. पण तिथल्या प्रत्येक गरोदर बाईला विम्यातून तीन सोनोग्राफी मिळतात, आणि तिसरी येते एकोणतिसाव्या ते बत्तिसाव्या आठवड्यात. गाल भरल्यावर. बंदी सोसवली जाते, कारण बाळ दिसायची एक वाट उघडी ठेवलेली आहे.

अमेरिकेत चित्र धूसर आहे. एफडीएनं अनेकदा, शेवटी २०१४ मध्ये जोर देऊन, सांगितलं की निव्वळ आठवण म्हणून सोनोग्राफी करू नका. कनेक्टिकट राज्यानं २००९ मध्ये ती कायद्यानं बंद केली. २००५ मध्ये अभिनेता टॉम क्रूझनं घरासाठी यंत्र विकत घेतल्याचं मुलाखतीत सांगितलं, तेव्हा तिथल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं जाहीर नाराजी व्यक्त केली. तरी एडिसनमध्ये स्टुडिओ चालू आहे आणि त्याचं व्हाउचर ओटीत मिळतं.

आपल्याकडे असा स्टुडिओ उघडताच येत नाही. गर्भलिंग निदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदणी नसलेल्या माणसाला सोनोग्राफीचं यंत्र विकणंसुद्धा गुन्हा आहे. गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीचा एफ फॉर्म भरावा लागतो, आणि त्यावर कारण लिहावं लागतं. कारणांची यादी नियमांतच छापलेली आहे, एकूण २३. त्यात 'घरच्यांना बाळ बघायचं आहे' हे कारण नाही. बाळाचं लिंग शब्दानं, खुणेनं किंवा कोणत्याही रीतीनं सांगायला मनाई आहे. हा कायदा का आला, हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागू नये. देशात असा कायदा पहिल्यांदा महाराष्ट्रानं केला, १९८८ मध्ये. मुंबईतल्या बायकांच्या आणि आरोग्य कार्यकर्त्यांच्या चळवळीनं तो करायला लावला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे राज्यात १९९१ ला ९४६ मुली होत्या, त्या २००१ ला ९१३ झाल्या आणि २०११ ला ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७. कायदा कागदावर राहतो म्हणून पुण्याच्या मासूम आणि मुंबईच्या सेहत या संस्था डॉ. साबू जॉर्ज यांच्यासोबत २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्यानंतर २००३ मध्ये तो कडक झाला.

मला पहिल्यांदा दिवस गेले ते त्यानंतर तीन वर्षांनी, २००६ मध्ये. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी मला अजून आठवते. बाहेर भिंतीवर पाटी, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही'. नवरा बाहेर. आत गार जेल, काळोख, आणि स्क्रीन डॉक्टरांकडे वळवलेली. मला दिसत होता तो त्यांचा चेहरा, निळसर उजेडातला. वीस मिनिटं मी त्या चेहऱ्यावरून माझं बाळ वाचायचा प्रयत्न करत होते. भुवई जरा वर गेली की पोटात गोळा. शेवटी ते म्हणाले, "सगळं ठीक आहे." टिश्यू पेपर दिला आणि पुढच्या बाईला हाक मारली. मी रिक्षात बसून रडले. का ते नवऱ्याला सांगता आलं नाही.

आठव्या महिन्यात दुसऱ्या ठिकाणी गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी आपलं मोजमाप पूर्ण केलं, मग काही न बोलता स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "हे कपाळ, हे नाक. आणि हा बघा हात, तोंडाशी नेतंय." प्रोब छातीच्या खाली एकदाही गेला नाही, ते मी नंतर लक्षात घेतलं. जेमतेम एक मिनिट. त्या एका मिनिटासाठी त्यांना कायदा मोडावा लागला नाही, वेगळं पॅकेज द्यावं लागलं नाही. कायदा लिंग सांगायला मना करतो, आईला बाळाचं नाक दाखवायला नाही. पण खटल्याच्या आणि यंत्र सील होण्याच्या धास्तीनं किती ठिकाणी स्क्रीन वळवलीच जात नाही. मुली वाचवायला आलेल्या कायद्यावर माझा राग नाही, त्याची गरज मला पक्की ठाऊक आहे. पण पोटुशी बाई तिथे संशयित म्हणून झोपलेली नसते, एवढं तरी सोनोग्राफीच्या खोलीत जाणवायला हवं.

भाचीला मी जे सांगितलं ते या एका मिनिटावरून. व्हाउचर वापरू नकोस. बाळाला अपाय होईल म्हणून नव्हे. एकदा गेल्यानं काही बिघडेल असं मला वाटत नाही, आणि गेलीस म्हणून तुला कुणी अपराधी वाटून घ्यायला लावू नये. पण तुला जे हवं आहे ते तुझ्या डॉक्टरांकडे माग. आधीच्या स्कॅनच्या फोटोंबद्दल विचार. पुढे कोणत्याही वैद्यकीय कारणानं स्कॅन ठरला, तर मोजमाप झाल्यावर दोन मिनिटं चेहरा दाखवायला सांग. चेहरा थ्रीडीत दिसला नाही तरी चालेल. साध्या राखाडी चित्रात नाकाची रेघ दिसली तरी आईचा जीव तितकाच गुंततो. थ्रीडीनं ओढ आणखी वाढते, असं या विषयावरच्या अभ्यासांत ठळकपणे दिसलेलं नाही.

आणि तरीही जायचंच ठरवलंस, तर डॉक्टरांना सांगून जा. प्रोब धरणारीचं शिक्षण काय, ते विचार. टेडी नको म्हण. पंधरा मिनिटांत बाळानं तोंडावरचा हात काढला नाही, तर उठून ये. ज्यूस पिऊन पुन्हा या, फुकट आहे, असं ते म्हणतील, तेव्हा जाऊ नकोस. आणि एक गोष्ट मात्र मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतली. बाळ कमी हलतंय असं वाटलं, तर स्टुडिओत नाही, कोणतंही यंत्र लावून घरी नाही, थेट हॉस्पिटल. रात्रीचे तीन वाजले असले तरी.

ती गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, व्हाउचरवर आईलाही व्हिडिओ कॉलवर बघता येणार होतं गं." माझी बहीण गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे बाळंतपणाला जाऊ शकत नाही. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पाकीट तिच्या फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे. डॉक्टरांची पुढची तारीख गुरुवारची. तोवर वही काढून प्रश्न लिहून ठेवलेत म्हणाली, पहिला हाच, की आईला फोनवर घेऊन दोन मिनिटं स्क्रीन वळवता येईल का.